पाण्याची वाटी

माझी लेक तीन दिवसांची होती तेव्हा तिच्या उशाशी स्टीलच्या वाटीत उकळून गार केलेलं पाणी आणि एक बारका चमचा ठेवलेला होता. एप्रिलचा शेवट, नागपूरचं ऊन, आणि नारी या वस्तीतल्या आमच्या घरावर टिनाचं छप्पर. माझी आई नाही, त्यामुळे पहिलं बाळंतपण असूनही मी सासरीच होते. सासूबाईंचा जीव नातीसाठी तुटत होता. "एवढ्या उन्हात लेकराले पानी नाही पाजाचं म्हनजे काय बाप्पा! घसा सुकून जाईन तिचा." मलाही ते पटलं होतं. जिथे बाळंत झाले तिथून दोन दिवसांत सुट्टी मिळाली, पाजायचं कसं हे कुणी धड दाखवलं नव्हतं. एक चमचा पाणी मी स्वतःच पाजून बसले होते.

त्याच दुपारी आशाताई, म्हणजे आमच्या वस्तीच्या सरकारी आरोग्य कार्यकर्त्या, आल्या. आल्या आल्या बाळाकडे गेल्याच नाहीत. बांगड्या मागे सारल्या, घड्याळ काढलं, मोरीत साबणानं कोपरापर्यंत हात धुतले. मी टॉवेल पुढे केला तर नको म्हणाल्या. हात वर धरून तशाच उभ्या राहिल्या, वाळेपर्यंत. मग मला पाजायला बसवलं आणि लेकीची हनुवटी छातीला टेकते का, तोंड नीट उघडलंय का, हे वाकून पाहिलं. वाटी दिसली तेव्हा सासूबाईंना शेजारी बसवून घेतलं. "आई, दुधात दहातले जवळपास नऊ भाग पानीच असते. पान्यानं पोट भरलं तं पोरगी दूध कमी पिईन, मंग वजन कसं वाढन? तुम्ही फक्त लंगोट मोजा. आठवड्याची झाली का दिवसाचे सहा-सात ओले झाले पाहिजे. तेवढे झाले तं समजा, तिले पुरून राहिलं."

सासूबाईंना मोजायचं काम मिळालं, हे फार बरं झालं. दाराच्या मागे त्या खडूनं रेघा ओढायच्या. नुसतं 'हे चुकतंय' म्हटलं असतं तर त्यांनी ऐकलं नसतं, आणि मीही त्यांच्याशी वाद घातला नसता.

दवाखान्यात बाळंतपण झालं की आशाताईंच्या घरी सहा भेटी असतात : ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. लेकीचं जन्माचं वजन २ किलो ६०० ग्रॅम होतं. सातव्या दिवशी झोळीच्या काट्यात २ किलो ४५० भरलं आणि मला रडूच कोसळलं. पहिल्या दिवसांत थोडं उतरतंच, चौदाव्याला पाहू, असं म्हणून त्या गेल्या. चौदाव्याला २ किलो ७०० भरलं.

त्याआधीची रात्र मात्र मी बसून काढली होती. लेकीचा श्वास मध्येच भरभर चालायचा, मध्येच थांबल्यासारखा व्हायचा. सकाळी ताईंनी तिचं झबलं वर केलं, पोटावर नजर ठेवली आणि पूर्ण एक मिनिट मोजलं. खोलीत कुणी बोलत नव्हतं. अठ्ठेचाळीस. "साठ किंवा जास्त आले तं पुन्हा मोजाचं. पुन्हाही तेवढेच आले तं थेट दवाखाना, माझी वाट नाही पाहाची." मग मलाही मोजायला लावलं. त्यानंतर मला झोप लागायला लागली.

घरी येऊन बाळ तपासायची ही पद्धत आपल्या विदर्भातूनच देशभर गेली, हे मला खूप नंतर कळलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी शिकवली. ज्यांना मोजणं जड जायचं त्यांच्यासाठी वाळूचं घड्याळ आणि सरकवायचे मणी असलेलं साधन तयार केलं. ३९ गावांत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचा त्यांचा लेख १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. २०११ पासून आशाताईंच्या घरभेटी देशभर सुरू झाल्या. सहाही भेटी पूर्ण केल्यावर ताईला या कामाचे केंद्राच्या योजनेतून २५० रुपये ठरलेले. म्हणजे एका भेटीचे बेचाळीससुद्धा नाहीत. माझ्या लेकीच्या त्या एका मिनिटाची ही किंमत मला सहन होत नाही.

अंगणवाडीचं वेगळं लिहायला हवं. तिथल्या पालक मेळाव्याला हे ऑटो बाजूला लावून आले होते. रिकाम्या बाटलीत डाळ घालून खुळखुळा कसा करायचा आणि बाळाशी डोळ्यांत बघून कसं बोलायचं, हे सेविकाबाईंनी बापांकडून करून घेतलं. तेव्हापासून हे रोज रात्री लेकीला दिवसभराच्या सवाऱ्या सांगतात, आणि ती "आबा" म्हणत ऐकते.

पुढच्या आठवड्यात तिला वर्ष होईल. मधल्या तीन, सहा, नऊ महिन्यांच्या भेटी झाल्या, आता वर्षाची. पुन्हा तेच ऊन, आणि ताई भर दुपारी चालत येतात. सासूबाईंनी माठाला ओलं फडकं गुंडाळून ठेवलंय. आल्या की त्या आधी मोरीत हात धुतील, ते वाळेपर्यंत उभ्या राहतील, मग लेकीला घेतील. पाणी विचाराल तर शेवटी.