तुम्ही विचारलंत म्हणून: पावती आहे, लॉक आहे, तरी सॉफ्टवेअर का उघडत नाही?

जळगाव, धुळे, अमळनेर, चाळीसगावच्या छपाईवाल्यांचा नेहमीचा प्रश्न आहे: मराठी डीटीपीचं (कॉम्प्युटरवर पानं जुळवण्याचं) जुनं पॅकेज रोख पैसे देऊन घेतलं, त्यासोबतचं चोरी रोखणारं लॉकही जपून ठेवलं, मग नव्या कॉम्प्युटरवर ‘लॉक सापडत नाही’ म्हणून ते का थांबतं? प्रश्न रास्त आहे. ज्यानं चोरीची कॉपी वापरली, त्याच्यापर्यंत ती लॉक तोडूनच आली होती. पैसे मोजणारा मात्र अडकला.

लॉक म्हणजे प्रिंटरच्या 25 पिनांच्या पोर्टला लावायची डबी. सॉफ्टवेअर पोर्टवर ठरावीक आकडे पाठवतं, डबीतली चिप उत्तर देते आणि ते जुळलं तरच काम पुढे सरकतं. आजच्या बहुतेक मदरबोर्डांवर हे पोर्टच नाही, म्हणून लोक यूएसबी-प्रिंटर केबल आणतात. ते पैसे वाया जातात. ती केबल फक्त प्रिंटरला मजकूर पोचवते, तर जुनं सॉफ्टवेअर थेट 378 या पत्त्यावर लॉक शोधतं आणि केबलपाशी तो पत्ताच नसतो. आत वेगळं बसवायच्या पीसीआय पोर्ट-कार्डाचाही पत्ता बहुधा वेगळाच पडतो.

खात्रीचा मार्ग म्हणजे बोर्डावरच पोर्ट असलेलं जुनं मशीन आणि 32 बिटचं विंडोज एक्सपी किंवा विंडोज 98. बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) पोर्टचा पत्ता 378 ठेवा आणि मोड आधी ‘नॉर्मल’ किंवा ‘एसपीपी’. नाहीच चाललं तर ‘ईपीपी’. एक्सपी सॉफ्टवेअरला पोर्टला थेट हात लावू देत नाही, त्यामुळे लॉकचा ड्रायव्हर आधी टाकावा लागतो. 64 बिटच्या विंडोजवर 16 बिटचे प्रोग्रॅम मुळात चालतच नाहीत, तिथे लॉकला दोष देऊ नका.

डबीला वेगळी वीज नसते, पोर्टच्या सिग्नलच्या तारांमधूनच ती भागवते. मागे जोडलेला प्रिंटर बंद असेल तर तो ही वीज खेचतो आणि लॉक गप्प बसतं. प्रिंटर चालू ठेवा, नाहीतर काढून टाका. आपल्याकडच्या उन्हाळी धुळीनं पिना काळवंडतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशनं पुसा, पूर्ण वाळू द्या. मशीन चालू असताना लॉक काढू-घालू नका.

‘रनटाइम एरर 200’ दिसला तर लॉक फेकू नका. टर्बो पास्कल या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेले काही डॉस प्रोग्रॅम सुरू होताना प्रोसेसरचा वेग मोजतात. साधारण 200 मेगाहर्ट्झच्या पुढे तो हिशेब बिघडतो. त्याचा लॉकशी काहीच संबंध नाही.

फ्लॉपीवरचं संरक्षण याहून नाजूक. की-फ्लॉपीवर, म्हणजे लॉकचं काम करणाऱ्या फ्लॉपीवर, मुद्दाम वाकडेतिकडे सेक्टर (माहितीचे कप्पे) लिहिलेले असतात, त्यामुळे डॉसच्या डिस्ककॉपी आज्ञेनं केलेली नक्कल चालत नाही. आधी फ्लॉपी राइट-प्रोटेक्ट करा, म्हणजे तिच्यावर काही लिहिलं जाणार नाही: 5.25 इंचीची खाच चिकटपट्टीनं झाका, 3.5 इंचीची खिडकी उघडी ठेवा. मग ग्रीझवीझल किंवा क्रायोफ्लक्स या फ्लॉपी वाचणाऱ्या उपकरणानं चुंबकीय फ्लक्स (फ्लॉपीवरच्या मूळ चुंबकीय खुणा) जसाच्या तसा उतरवा, प्रत्येक ट्रॅकचे किमान पाच फेरे. बुरशी दिसली तर साफ केल्याशिवाय ड्राइव्हमध्ये घालूच नका. हेड घाण होतं आणि पुढची फ्लॉपीही खरवडली जाते.

कायद्याचं विचाराल तर 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 52(1)(एए) वैध धारकाला नुकसानीपासून बचावासाठी बॅकअप घेऊ देतं. 2012 मध्ये त्यात आलेलं कलम 65ए हक्कभंगाच्या इराद्यानं लॉक तोडणं गुन्हा ठरवतं. कुठून तरी उतरवलेली क्रॅक कॉपी म्हणजे बॅकअप नव्हे, आणि तिच्यासोबत व्हायरस येण्याची शक्यता मोठी. आधी पावती आणि सीरियल नंबर देऊन कंपनीकडे यूएसबी लॉक बदलून मागा.

आमच्या मते लॉक चालू आहे तोवर मजकूर बाहेर काढणं हेच पहिलं काम. वधू-वर सूच्या, अहिराणी ओव्यांच्या पुस्तिका, संस्थांचे अहवाल त्या जुन्या फॉन्टच्या सांकेतिक अक्षरांत अडकलेत. फॉन्ट नसला तर नुसती रोमन अक्षरं दिसतात. प्रत्येक फाइलची पीडीएफ काढा, मग मजकूर युनिकोडमध्ये (कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येणाऱ्या अक्षरसंकेतात) बदला आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचा. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार नंतर साठवलेला असतो, त्यामुळे रूपांतरात हीच दोन चिन्हं सर्वाधिक चुकतात. आडनावं आणि गावांची नावं डोळ्यांनी तपासा, तिथे स्पेलचेकर कामाचा नाही.