व्हिडिओ बघून झाला? आता पाटी काढा

विशेष मुलांना शिकवणाऱ्या शिक्षकांसाठीचा आमचा कोर्स ब्लेंडेड आहे, म्हणजे थिअरी घरी मोबाइलवर आणि महिन्यातले दोन शनिवार समोरासमोर. मी या कोर्सला शिकवणाऱ्यांतली एक. सुरुवातीला मीच नाक मुरडलं होतं, कारण कोविडमधले वेबिनार डोळ्यासमोर आले, कॅमेरा बंद, मागे कुकरच्या शिट्ट्या आणि शेवटी शिक्षकाची नोंदणी टिकवायला लागणारे सीआरई पॉइंट पदरात. आत्ताही क्विझची उत्तरं व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरतात, मला कळत नाही असं त्यांना वाटतं 😄

पण गरज आहे हो. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात २१ झाले, ऑटिझम, अध्ययन अक्षमता सगळं त्यात आलं. आमचं डीएड-बीएड मात्र एकेका प्रकारातलं. मी कर्णबधिरवाली आणि समोर बसलंय ऑटिझमचं पोर. आता या वयात रजा टाकून पुन्हा दोन वर्षं कॉलेजला कोण जाणार, आणि मागे वर्ग कोण सांभाळणार?

तर परवाची गंमत. ब्रेलचा व्हिडिओ सगळ्यांनी बघितलेला, सहा टिंबं पाठ, क्विझमध्ये पैकीच्या पैकी. मग हातात ब्रेलची पाटी आणि टिंबं टोचायचा स्टायलस दिला. पाटीवर उजवीकडून डावीकडे टोचत जायचं, टिंबंही उलटी, कारण वाचताना कागद पालटायचा असतो. हे व्हिडिओत दोनदा सांगितलंय, तरी 'ए' काढायला गेलेल्या निम्म्या जणींचा 'इ' निघाला!

खरा उपयोग झाला तो त्यांनीच काढलेल्या व्हिडिओंचा. पालकांना विचारून आपल्या शिकवण्याचं पाच मिनिटं शूटिंग करून आणायचं, मग सगळ्यांनी मिळून बघायचं. एका ताईंनी मुलाला विचारलं, "लाल कुठला?" आणि लगेच त्याचा हात धरून, "हा बघ लाल." आम्ही सेकंद मोजले, दोन. ताई म्हणाल्या, "अगं बाई, मी त्याला वेळच देत नाहीये की." आता विचारल्यावर थांबा, मनात दहा मोजा, हे मी मागच्याच सत्रात घसा फोडून सांगितलं होतं, सगळ्यांनी वहीत उतरवूनही घेतलं होतं.

पुढच्या शनिवारी त्या नवा व्हिडिओ घेऊन आल्या. प्रश्न विचारून ओठ घट्ट मिटून बसल्यात, आठव्या सेकंदाला पोराचा हात हलला आणि गेला निळ्या ठोकळ्यावर. ताईंनी तरी टाळ्या वाजवल्या.