लाज आणि अडलेला हात

कुणी अडखळून पडलं की हात पुढे येण्याआधी मान वळते. बाकीचे काय करताहेत? बाकीचेही तेच बघत असतात, चेहरा शक्य तितका निर्विकार ठेवून. मग प्रत्येक जण दुसऱ्याच्या निर्विकार चेहऱ्यावरून ठरवतो की घाबरण्यासारखं काही नसावं. धावत जावं आणि पडलेल्याने म्हणावं, 'अहो, काही झालं नाही मला', तर चारचौघांत हसं! यात दुष्टपणा कमी, भीड जास्त.

लाताने आणि डार्ली या मानसशास्त्रज्ञांनी 1968 साली एक प्रयोग केला. फॉर्म भरत बसलेल्या माणसाच्या खोलीत धूर सोडला. एकट्या बसलेल्यांपैकी 75 टक्क्यांनी बाहेर जाऊन सांगितलं. शेजारी दोघे जण, आधी शिकवून ठेवलेले, ढिम्म बसले तेव्हा फक्त 10 टक्के उठले. बाकीचे डोळे चोळत फॉर्म भरत राहिले. स्वतःचा जीव धोक्यात असताना ही गत, तर परक्यासाठी काय होणार?

म्हणून "कुणीतरी या हो" ही हाक वाया जाते. एकाकडेच बघून म्हणावं, "निळा शर्ट, तुम्ही रुग्णवाहिका बोलवा." आता लाज बाजू बदलते, पुढे होण्याची वाटत होती, ती मागे राहण्याची वाटू लागते.

स्वतःच्या चुकीची लाज मात्र जरा गुंतागुंतीची. 'माझ्या हातून वाईट झालं' असं वाटणारा भरपाई करायला बघतो. 'मीच वाईट' असं वाटणारा तोंड चुकवतो. पण नेहमीच नाही. द होगे या संशोधिका आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या 2008 सालच्या प्रयोगांत, ज्यांच्यासमोर फजिती झाली त्यांच्याशीच व्यवहार आला तेव्हा खजील माणसं, एरवी आपलंच बघणारीसुद्धा, जास्त सहकार्य करताना दिसली. काहीच ठाऊक नसलेल्यांशी वागताना तो फरक दिसला नाही. म्हणजे माणूस गेलेली पत जिथे गेली तिथेच परत मिळवू पाहतो.

गटात कुणी कबूल केलेलं काम विसरला, तर हे उपयोगी पडतं. सगळ्यांदेखत खरडपट्टी काढली की तो फोन उचलायचाच बंद होतो, आणि मग आपण त्याला बेजबाबदार म्हणून मोकळे. त्यापेक्षा काय राहिलं ते एकट्याला सांगावं, आणि त्याच मंडळींसमोर पुरं होईल असं छोटं काम लगेच, एक-दोन दिवसांतच द्यावं. मोठं दिलं तर पुन्हा फसण्याच्या धास्तीने तो हातच लावत नाही.