छोटा टॉय हॉलर घेताना मी काय काय मोजलं

टॉय हॉलर म्हणजे राहायचा ट्रेलरच, फक्त मागची अख्खी भिंत खाली उतरून रॅम्प होते आणि आत एटीव्ही (हँडलवाली चारचाकी बाइक), डर्ट बाइक (कच्च्या रस्त्याची मोटरसायकल), साइड-बाय-साइड (शेजारी शेजारी सीट आणि स्टिअरिंग असलेली उघडी ऑफ-रोड गाडी) जे काय असेल ते चढवता येतं. आमच्याकडे गाड्यांचं वेड नवऱ्याला आणि मुलाला, मला भटकायला आवडतं पण इंजिनाच्या गप्पा तासभर ऐकवत नाहीत, त्यामुळे आकडेमोड आपोआप माझ्याकडे आली. बरंच झालं म्हणा, कारण हे दोघं कुठलाही ट्रेलर बघायला गेले की सरळ आत शिरून पलंगावर आडवे होऊन बघणार, ओव्हन उघडणार आणि बाहेरचे स्पीकर किती मोठ्याने वाजतात ते विचारणार.

मी आधी स्टिकर वाचते. ट्रेलरवर एक स्टिकर असतं, त्यावर सगळं भरून जास्तीत जास्त किती वजन चालेल ते लिहिलेलं असतं. त्यातून रिकाम्या ट्रेलरचं वजन वजा केलं की जे उरतं तेवढंच आपलं. जाहिरातीत मात्र रिकामं वजन ठळक असतं, कारण छोटा आकडा बघून माणूस खूश होतो, आणि त्या रिकाम्या वजनात बऱ्याचदा बॅटरी, गॅस, वरून बसवलेला एसी हे काहीच धरलेलं नसतं.

आता उदाहरण घ्या. समजा कमाल ३२०० किलो, रिकामा २१०० किलो, म्हणजे हाताशी ११००. ऐकायला भरपूर वाटतं. दोन सीटर साइड-बाय-साइड ७०० किलो धरा (मोठ्या इंजिनाच्या याहून जड असतात, आणि चार सीटर तर विचारूच नका). पाण्याची टाकी १५० लिटर, म्हणजे सरळ १५० किलो. ट्रेलरच्या टाकीत ७५ लिटर पेट्रोल नेलं तर साधारण ५५ किलो. गॅसच्या दोन लहान टाक्या भरून ३५, दोन बॅटऱ्या ५०. झाले ९९०. उरलेल्या ११० किलोत हेल्मेट, बूट, टूलबॉक्स, जॅक, खुर्च्या, अंथरुणं, भांडी, कपडे, खाणं, आईसबॉक्स सगळं बसवायचं. आणि परत येताना पाणी संपलेलं असेल म्हणून हलकं होईल असंही नाही, ते पिण्याच्या टाकीतून सांडपाण्याच्या टाकीत गेलेलं असतं, वजन तिथंच!

म्हणून माझं म्हणणं एवढंच की ट्रेलर निवडायला सुरुवात आत चढवायच्या गाडीपासून करा. कुठली गाडी न्यायची, तिचं पेट्रोल भरलेलं वजन किती, लांबी रुंदी उंची किती, हे एका कागदावर लिहा आणि मगच ट्रेलर बघायला जा. पुढच्या दोन वर्षांत मोठी घ्यायची असेल तर तिचे आकडे लिहा. डर्ट बाइक शंभर-सव्वाशे किलोची, फोर बाय फोर एटीव्ही तीनशे-चारशेच्या घरात, हा फरक एवढा आहे की "ऑफ-रोड गाडी नेता येते" या वाक्याला तसा काही अर्थच नाही.

दुसरी वजाबाकी ओढणाऱ्या गाडीची, आणि इथे बरेच जण फसतात. गाडी ४५०० किलो ओढते असं लिहिलंय ना, मग झालं, असं नसतं. ट्रेलरच्या पुढच्या टोकाचा जो भार हिचवर (ओढणाऱ्या गाडीच्या मागच्या जोडणीवर) बसतो, ज्याला टंग वेट म्हणतात, तो ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के लागतो. ३२०० किलोच्या ट्रेलरला म्हणजे ३२० ते ४८० किलो. हा भार ओढणाऱ्या गाडीच्या पेलोडमधून, म्हणजे ती स्वतःवर जेवढं वजन घेऊ शकते त्यातून जातो, आणि त्याच पेलोडमधून आपण माणसं पण जातो. पेलोड ६५० असेल, हिचवर ४०० आले आणि चार माणसं २८० ची झाली की तुम्ही आधीच ओव्हरलोड, अजून मागे एक बॅगसुद्धा टाकली नाहीये. पेलोडचा खरा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर असतो तो वाचा, वेबसाइटवरचा आकडा बऱ्याचदा त्या मॉडेलच्या सगळ्यात हलक्या गाडीचा असतो. युरोपातल्या गाड्यांना तर हिचवरचा भार बऱ्याचदा ७५ ते १०० किलोच चालतो, तिथले ट्रेलर त्याच हिशोबाने वेगळे बनवलेले असतात, त्यामुळे अमेरिकन व्हिडिओ बघून तिथे ट्रेलर ठरवू नये.

टॉय हॉलरची खरी गोम मात्र पुढेच आहे. साध्या कॅम्पिंग ट्रेलरचं वजन थोडंफार तेच राहतं, इथे ६००-७०० किलोचा ठोकळा कधी असतो कधी नसतो, आणि तो बहुतेक वेळा अॅक्सलच्या (ट्रेलरच्या चाकांच्या आडव्या दांड्याच्या) मागे असतो. गाडी मागे चढली की पुढचं टोक हलकं होतं. टंग वेट १० टक्क्यांच्या खाली गेलं की ट्रेलर रस्त्यावर डोलायला लागतो आणि तो डोलला की मागून पुढच्या गाडीलाच ढकलतो. बनवणारे हे धरूनच अॅक्सल मागे सरकवतात, म्हणून रिकामा टॉय हॉलर पुढे चांगलाच जड लागतो, हिचवर तेव्हा जास्त भार असतो आणि लोक म्हणतात अरे रिकामा असून गाडी मागून एवढी का बसली. तेव्हा टंग वेट दोन्ही वेळचं विचारा, रिकामं आणि भरलेलं. पाण्याची टाकी कुठे आहे तेही विचारा, अॅक्सलच्या पुढे असेल आणि तुम्ही ती रिकामी करून मागे साइड-बाय-साइड लादून निघालात तर तोल अजून बिघडतो.

आणि सगळं भरून एकदा वजनकाट्यावर घाला. आधी जोडलेलं असताना, मग ट्रेलर सोडून नुसती गाडी. पुढचं-मागचं सगळं कळतं, वाद मिटतात (घरातले पण). चुकून डोलायला लागलाच तर जोरात ब्रेक मारायचा नाही, स्टिअरिंग झटकायचं नाही, अॅक्सिलरेटर सोडायचा आणि ट्रेलरचे ब्रेक कंट्रोलरवरून (ओढणाऱ्या गाडीत बसवलेल्या ब्रेकच्या डबीवरून) हाताने लावायचे. म्हणजे कंट्रोलर हवाच, आणि तो ड्रायव्हरच्या हाताला लागेल असा बसवलेला हवा.

जागेचं मोजमाप टेप घेऊनच करा. ट्रेलरच्या आत गाडी ठेवायच्या जागेला गॅरेज म्हणतात, "गॅरेजची लांबी" म्हणून सांगतात त्यात कधी कधी किचन ओट्याखालची जागा पण धरलेली असते. मी रॅम्पच्या दारापासून पहिल्या अडथळ्यापर्यंत मोजते, तेही जमिनीवर आणि कमरेच्या उंचीवर दोन्हीकडे. दाराची उंची वेगळी मोजायची, आतली उंची जास्त असून दार बुटकं असू शकतं आणि छत लावलेली साइड-बाय-साइड तिथेच अडते. रुंदीचं गणित तर गमतीचं आहे, ६४ इंच रुंद गाडी ७ फूट रुंद खोलीत घातली की दोन्हीकडे १०-१० इंच उरतात. गाडी छान बसते हो, पण चालवणारा बाहेर कसा येणार? दार उघडत नाही. नवरा बॉनेटवरून सरपटत बाहेर आला तो व्हिडिओ मुलाकडे आहे.

रॅम्पचा उतार पण बघा. ट्रेलरचा फ्लोअर ७० सेंटीमीटर उंच आणि रॅम्प २ मीटरच्या आसपास, म्हणजे २० अंशांचा चढ झाला, पावसात ओल्या रॅम्पवर ते काही कमी नाही. लांब व्हीलबेसची, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत जास्त अंतर असलेली गाडी वरच्या कडेला पोटावर टेकू शकते. रॅम्प किती वजन पेलतो ते वेगळं लिहिलेलं असतं, फ्लोअरचा आकडा रॅम्पला लावू नका. गाडी बांधायच्या फ्लोअरमधल्या कड्या नुसत्या प्लायवूडला स्क्रूने धरल्यात की खालच्या चॅसीला बोल्ट केल्यात हे वाकून बघा, विकणारा कंटाळला तरी बघा.

एक गोष्ट मला अजिबात पटत नाही ती म्हणजे गाडी आत ठेवून तिथेच झोपणं. छोट्या ट्रेलरमध्ये गॅरेज आणि बेडरूम एकच, मधे भिंत नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, खाली साठते, आणि त्याच उंचीवर गॅसचा हीटर नाहीतर फ्रिजची ज्योत. व्हेंट आहेत ठीक आहे, कार्बन मोनॉक्साइडचा आणि गॅसचा अलार्म हवाच, पण अलार्म म्हणजे परवानगी नाही. आमच्याकडे नियम आहे, मुक्कामाला पोचलं की गाडी बाहेर, पेट्रोलचा कॅन बाहेर, दारं अर्धा तास उघडी, मगच वरचे बेड खाली येतात. पाऊस असला तरी. यावरून कुरकुर होते, होऊ दे.

बाकी फ्रेम लाकडी की अॅल्युमिनियम, स्प्रिंगचे पाटे की टॉर्शन अॅक्सल यावर लोक तासन्तास भांडतात. कच्च्या रस्त्याने जाणार असाल तर मागचा ओव्हरहँग, म्हणजे चाकांच्या मागे बाहेर आलेला भाग, किती आहे ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं, ओढा ओलांडताना आधी मागचाच भाग घासतो. वापरलेला घेत असाल तर मागच्या दाराच्या कोपऱ्यांत फ्लोअर पायाने दाबून बघा, रॅम्पच्या बिजागरीपाशी पाणी मुरतं आणि प्लायवूड मऊ पडतं. टायरवर शेवटी चार अंक असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही चांगली दिसो, सहा-सात वर्षांचे टायर असतील तर नवीन टायरांचे पैसे किमतीतूनच कमी करून मागा, आणि स्टेपनीची तारीख पण वाचा, ती कोणीच वाचत नाही.

आणि फक्त दोन डर्ट बाइकच न्यायच्या असतील तर टॉय हॉलर कशाला घेताय, उघड्या सपाट ट्रेलरवर पुढे बाइक, वर फ्रेम टाकून रूफटॉप टेंट, वजन निम्म्याहून कमी आणि पेट्रोलचा वास झोपायच्या जागेत येतच नाही. आम्हाला किचन हवं होतं म्हणून आम्ही तिकडे गेलो नाही.