पांढरा चिनी सिंह: जुना की नवा?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. ‘पांढऱ्या पोर्सिलेनचा चिनी सिंह जुना आहे, हे ओळखायचं कसं?’ उलटा करून. चेहरा, आयाळ, पायाखालचा चेंडू नंतर बघा; आधी बैठकीखालची पोकळी.

हे सिंह चीनच्या फूज्यान प्रांतातल्या देहुआचे. १७व्या शतकापासून ते जहाजांतून युरोपात जाऊ लागले. ओली माती बोटांनी साच्यात दाबायची, दोन्ही भाग पातळ कालवलेल्या मातीनं सांधायचे आणि चौकोनी बैठकीवर बसवायचे, अशी ती पद्धत. त्यामुळे आतली भिंत कुठे जाड, कुठे पातळ असते आणि बोटांचे ठसे स्पष्ट दिसतात. नव्या नकला बऱ्याचदा पातळ माती प्लास्टरच्या साच्यात ओतून काढलेल्या असतात. त्यांची जाडी सगळीकडे सारखी, आणि बाहेर जिथे फुगवटा तिथे आत नेमका खळगा. असं दिसलं की वस्तू परत ठेवावी. ठसे दिसले तरी लगेच हुरळून जाऊ नका, दाबून घडवलेल्या नकलाही असतात.

मग बैठकीची कड. खरी झीज टेबलाला टेकणाऱ्या भागावरच होते. चहाच्या पाण्यानं आणलेला ‘जुनेपणा’ खाचाखोचांत सगळीकडे सारखा बसतो आणि ओल्या कापसाला पिवळा डाग देतो.

रंगावर फार भिस्त ठेवू नये. देहुआच्या मातीत लोह अगदी कमी, शिवाय भट्टीत हवा खेळती. म्हणून जिंगदेजेन या चीनमधल्याच दुसऱ्या पोर्सिलेन-केंद्राच्या मालासारखी निळसर झाक न येता उबदार हस्तिदंती पांढरा उतरतो. पुढच्या काळातल्या वस्तू मात्र थंड, दुधी दिसतात. पातळ कडेमागे टॉर्च धरून उजेड आरपार येताना बघावा, फार सुंदर दिसतो तो; पण एवढ्यावरून शतक ठरवू नये.

बैठकीवर सिंहाच्या बाजूला उभी नळी असते, उदबत्ती खोचायची. पहिल्यांदा तुटते ती हीच. मग कान, शेपटी. दुरुस्ती पकडायला अंधारात अतिनील टॉर्च फिरवा: वरून दिलेला रंग मूळ झिलईपेक्षा वेगळा चमकतो. नळीचा सांधा गालाला लावूनही कळतं, पोर्सिलेन गार लागतं, रंग कोमट. भट्टीतच पडलेल्या भेगेत झिलई उतरलेली असते, काठ गुळगुळीत असतात. असली भेग या सिंहांत नेहमीचीच, तिच्यासाठी चांगला नग सोडू नका. नंतर गेलेला तडा धारदार आणि मळकट असतो; त्याची किंमत कापून घ्यावी.

नजर तयार करायला जर्मनीतल्या ड्रेस्डेनचा पोर्सिलेन-संग्रह बघावा. सॅक्सनीचा शासक आणि पोलंडचा राजा ऑगस्टस यानं जमवलेल्या या संग्रहाची नोंदवही १७२१ मध्ये सुरू झाली. कित्येक वस्तूंच्या झिलईत तेव्हाचे नोंदक्रमांक कोरलेले आहेत. त्यामुळे अमुक घडण तेव्हा होती, हे पक्कं कळतं.

सिंह घरी आला की डोकं धरून उचलू नका, दोन्ही हात बैठकीखाली घाला. पाण्यात बुडवून ठेवू नका, जुनी दुरुस्ती असेल तर डिंक सुटतो. कोमट पाण्यात बुडवून पिळलेला कापूस पुरतो.