एल साल्वादोरने घेतलेली बिटकॉइनची परीक्षा

क्रिप्टोचलन रोजच्या व्यवहारात पैशाचे काम करू शकते का, यावर तर्काने कितीही वाद घालता येईल. पण एका देशाने ते प्रत्यक्ष करून पाहिले आहे आणि म्हणूनच मला मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोरचा अनुभव मोलाचा वाटतो. ७ सप्टेंबर २०२१ रोजी तिथे बिटकॉइन हे क्रिप्टोचलन कायदेशीर चलन झाले. राष्ट्राध्यक्ष नायिब बुकेले यांच्या सरकारने ‘चिवो’ नावाचे मोबाइल वॉलेट आणले, ते घेणाऱ्या नागरिकांना ३० डॉलर किमतीचे बिटकॉइन फुकट दिले आणि व्यापाऱ्यांनी ते स्वीकारलेच पाहिजे, असे कायद्यातच लिहिले. नव्या चलनाला याहून अनुकूल सुरुवात क्वचितच मिळेल.

गरजही खरी होती. अमेरिकेत राबणाऱ्या आप्तांनी धाडलेल्या पैशांवर तिथली असंख्य घरे चालतात आणि प्रत्येक वेळी त्यातला काही भाग कमिशनमध्ये जातो. तरीही जवळजवळ सगळा पैसा जुन्याच मार्गांनी येत राहिला. २०२२ साली अर्थतज्ज्ञांनी केलेल्या पाहणीत तर असे दिसले की, फुकट मिळालेली रक्कम संपल्यावर बहुतेकांनी चिवो वापरणेच सोडून दिले.

लोकांना तंत्रज्ञान कळले नाही, असे म्हणून हे प्रकरण झटकून टाकणे मला पटत नाही. २००१ पासून त्या देशाचे चलन अमेरिकी डॉलर आहे. पुपुसा (तिथली सारण भरलेली भाकरी) विकणारी बाई भाव डॉलरमध्येच सांगते, गिऱ्हाइकाने बिटकॉइन दिले तर त्या क्षणाच्या दराने हिशेब होतो आणि उद्याचे पीठ व चीज तिला पुन्हा डॉलरच्याच भावाने आणायचे असते. नोव्हेंबर २०२१ च्या उच्चांकाला तिने १०० डॉलरचे बिटकॉइन बाजूला ठेवले असते, तर वर्षभराने त्यांचे २५ डॉलरही उरले नसते. हा धोका सरकारलाही ठाऊक होता, म्हणून तर बिटकॉइनचे लगेच डॉलर करून देण्यासाठी १५ कोटी डॉलरचा निधी उभारण्यात आला. ज्या चलनातून तत्काळ बाहेर पडण्याची सोय सरकारलाच करावी लागते, ते फार तर रक्कम इकडून तिकडे नेण्याचे साधन ठरते. ज्यांचा भाव डॉलरशी बांधलेला असतो ती ‘स्टेबलकॉइन’ क्रिप्टोचलने अधिक उपयोगी पडतात, पण त्यांची पतही डॉलरचीच.

आंतरराष्ट्रीय नाणेनिधीबरोबर १४० कोटी डॉलरच्या कर्जाचा समझोता झाल्यानंतर, जानेवारी २०२५ मध्ये कायदा बदलून व्यापाऱ्यांवरची सक्ती काढण्यात आली. बिटकॉइनमध्ये कर भरण्याची मुभाही त्याच वेळी गेली.