पुण्यातून सांगलीच्या राउटरपर्यंत: माझा अनुभव

आमचं घर सांगलीच्या गावभागात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या पुढे गेली, तेव्हा आमच्या खालच्या मजल्यात पाणी होतं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. तेव्हापासून पाऊस लागला की मी देहाने पुण्यात आणि जीव सगळा तिकडे. आई-अप्पा अगदी गळ्याशी येईपर्यंत घर सोडायला तयार होत नाहीत. म्हणून दिवाळीत वरच्या गॅलरीतून गल्ली दिसेल असा एक कॅमेरा बसवला. त्याचं चित्र कुठल्या परक्या सर्व्हरवर जाऊ द्यायचं नव्हतं. आईचा दिवसभर त्या गल्लीत वावर असतो, ते घरातच राहायला हवं. तेव्हा कॅमेरा फक्त घरच्या नेटवर्कवर ठेवायचा आणि मी पुण्यातून एसएसएचने (दूरच्या यंत्रात सुरक्षितपणे शिरण्याची सोय) राउटरमध्ये शिरून, त्याच जोडणीतून कॅमेऱ्याचं पान उघडायचं, असं ठरवलं.

राउटर जुना, त्यावर मीच कधीतरी घातलेली ओपनडब्ल्यूआरटी १८.०६ ही राउटरसाठीची खुली कार्यप्रणाली. त्यात एसएसएचचं काम ड्रॉपबेअर नावाचा छोटा सर्व्हर करतो. घरचा इंटरनेटवरचा पत्ता बदलता असणार म्हणून डीडीएनएसवर, म्हणजे बदलत्या पत्त्याला कायमचं नाव जोडणाऱ्या सेवेवर, एक नाव घेतलं, फायरवॉल या राउटरच्या पहारेकऱ्यात बाहेरून येणाऱ्यासाठी एक पोर्ट, म्हणजे एक क्रमांकाचं दार, उघडलं, आणि हॉलमध्ये बसून लॅपटॉपवरून ते नाव टाकलं. क्षणात आत. भाऊबीज करून निश्चिंत मनाने पुण्याला आले.

पुण्यात पहिल्याच रात्री तीच ओळ टाकली. पडदा गप्प. दोन मिनिटांनी उत्तर आलं: ‘कनेक्शन टाइम्ड आउट’.

इथून पुढचे आठ-दहा दिवस मी चुकीच्या जागी शोधत होते. पोर्ट बदलून बघितलं. ऑफिसचं नेटवर्क अडवत असेल म्हणून मोबाइलच्या डेटावरून बघितलं. ‘व्ही’चा पर्याय तीनदा देऊन सगळा तपशील छापून घेतला, तर त्यात ‘कनेक्टिंग टू’ एवढी एकच कामाची ओळ आणि पुढे शांतता. फायरवॉलचा नियम चुकला असणार असं डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं, की त्या एका ओळीत छापलेला पत्ता मी नीट वाचलाच नाही.

एका रात्री शांतपणे विचार केला. ओपनडब्ल्यूआरटी बाहेरच्या बाजूने नको असलेली जोडणी मुकाट्याने गिळत नाही, ‘नाही’ म्हणून परत पाठवते. म्हणजे माझा नियम चुकला असता तर ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ असं उत्तर लगेच आलं असतं. ‘रिफ्यूज्ड’ म्हणजे कुणीतरी दार उघडून नको म्हणालं. ‘टाइम्ड आउट’ म्हणजे माझी हाक दारापर्यंत गेलीच नाही. मी राउटरच्या आत चूक शोधत होते आणि माझं एकही पॅकेट, म्हणजे माहितीचा एकही तुकडा, तिथे पोचलेलं नव्हतं. एवढं लक्षात आल्यावर पहिल्यांदा वाटलं, आता हे सुटणार.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईला फोन लावला. तिच्या मोबाइलवर राउटरचं पान उघडायला सांगितलं.

“अगं, इथं ढीगभर आकडे आहेत. कुठले वाचू?”

“डब्ल्यूएएन असं लिहिलंय बघ. त्याच्या खाली.”

“थांब, चष्मा आणते.” मग एकेक अंक सुटा करून, मध्ये ‘टिंब’ म्हणत तिने वाचलं: एक शून्य शून्य टिंब सात दोन टिंब... मी इकडे वहीत लिहीत होते. डब्ल्यूएएन म्हणजे राउटरची बाहेरची, इंटरनेटकडची बाजू. मग तिला ब्राउझरमध्ये ‘माझा आयपी काय’ हे शोधायला लावलं. तिथला आकडा एकशे तीनने सुरू होत होता.

“दोन्ही वेगळे आहेत की गं. माझं काही चुकलं का?”

तिचं काहीच चुकलं नव्हतं. सगळं कोडं त्या दोन आकड्यांत होतं. जगात आयपीव्ही४ चे, म्हणजे इंटरनेटच्या जुन्या पद्धतीचे, पत्ते पुरेनासे झाले, २०११ च्या फेब्रुवारीत मध्यवर्ती साठा संपला. मग २०१२ च्या एप्रिलमध्ये १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा एक पट्टा खास इंटरनेट पुरवणाऱ्यांसाठी राखून ठेवला गेला. ते आपल्या ग्राहकांना या पट्ट्यातले आतले पत्ते देतात आणि बऱ्याच घरांना मिळून एकच खरा, जगाला दिसणारा पत्ता वापरतात. याला सीजीएनएटी म्हणतात. मोठ्या सोसायटीच्या गेटवर एकच पत्ता असावा आणि आत कुठला फ्लॅट कुणाचा हे फक्त वॉचमनला ठाऊक असावं, तसं. आतून कुणी बाहेर गेलं की वॉचमन ओळख ठेवतो आणि परत आल्यावर आत सोडतो. बाहेरून आलेल्या अनोळखी माणसाला कुठे पाठवायचं हे त्याला कळतच नाही.

दिवाळीत घरातून सगळं चाललं ते का, तेही आता उलगडलं. राउटरवरचा डीडीएनएस आपल्या डब्ल्यूएएनचा पत्ता बघून तोच नावाला जोडत होता, म्हणजे हाच १००.७२ वाला. हॉलमध्ये बसून मी ते नाव टाकलं तेव्हा तो पत्ता राउटरचा स्वतःचाच होता, त्यामुळे माझी हाक घराबाहेर न जाताच राउटरला मिळाली. घरात बसून केलेल्या त्या चाचणीला काडीचाही अर्थ नव्हता. बाहेरून पोचता येतं का हे बाहेरूनच बघावं लागतं. आता मी कुणालाही मदत करताना आधी वायफाय बंद करून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर यायला सांगते.

उपाय तीन होते. एक, इंटरनेटवाल्याकडून कायमचा खरा पत्ता विकत घ्यायचा. फोनवरच्या माणसाला मी काय मागते आहे तेच कळेना, तो दर वेळी मोडेम बंद करून चालू करायला सांगायचा. दोन, आयपीव्ही६, म्हणजे पत्त्यांची नवी पद्धत. त्यात पत्त्यांचा दुष्काळ नाही, प्रत्येक उपकरणाला खरा पत्ता मिळू शकतो, पण आमच्या जोडणीवर ते येतच नव्हतं. तिसरा उपाय वॉचमनच्या स्वभावाशी जुळणारा: बाहेरून आत यायचं सोडून द्यायचं आणि घरच्या राउटरनेच बाहेर यायचं. मुंबईतल्या डेटा सेंटरमधला एक छोटा सर्व्हर भाड्याने घेतला. राउटर वायरगार्डने, म्हणजे इंटरनेटवरून जाणाऱ्या खासगी बोगद्याने, त्याला जाऊन जोडला जाणार, मीही पुण्यातून त्यालाच जोडली जाणार, आणि दोघांची गाठ तिथे पडणार. दर २५ सेकंदांनी राउटर एक बारीक पॅकेट पाठवत राहतो, म्हणजे वॉचमन त्याला विसरत नाही.

पण हे सगळं राउटरवर घालायला आधी राउटर हाताशी हवा. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सांगलीला गेले.

मधल्या काळात लॅपटॉप नवा घेतला होता. घरात बसून एसएसएच केलं तर नवाच निरोप: ‘नो मॅचिंग होस्ट की टाइप फाउंड’, म्हणजे राउटरने ओळख पटवायच्या किल्लीचा प्रकार जुळत नाही, आणि समोरचा फक्त ‘एसएसएच-आरएसए’ देऊ करतो आहे. हे कारण मला माहीत होतं. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये आलेल्या ओपनएसएसएच (लॅपटॉपवरचा एसएसएचचा प्रोग्राम) ८.८ पासून शा-१ या जुन्या गणिती पद्धतीवर आधारलेली ती जुनी सही आपोआप स्वीकारणं बंद झालं, आणि माझ्या राउटरवरच्या जुन्या ड्रॉपबेअरला दुसरं काही येत नव्हतं. एका वेळेपुरती परवानगी देऊन आत गेले. पण लॅपटॉपला कायम ढिलं करून ठेवणं मला पटत नाही. म्हातारा राउटर आहे म्हणून आपण आपलं कुलूप कशाला सैल करायचं? राउटरवरच नवी आवृत्ती घातली, जुन्या सेटिंग्ज न ठेवता, कोरी. अर्थात त्यानंतर लॅपटॉपने मोठ्या अक्षरांत ओरड केली की समोरच्या यंत्राची ओळख बदलली आहे. ती ओरड बरोबरच होती. राउटरच्या नव्या ओळख-किल्लीचा ठसा केबल लावून, राउटरवरच बघून कागदावर उतरवला, तो पडताळला, आणि मगच जुनी नोंद पुसली. न वाचता ‘येस’ टाइप करण्याची सवय अनेकांना असते. ती ओळ नेमकी ज्या दिवसासाठी लिहिलेली आहे, त्याच दिवशी ती सवय घात करते.

मग ‘परमिशन डिनाइड’. माझी, म्हणजे लॅपटॉपची, किल्ली मी सवयीने हातानेच रूटच्या (राउटरचा मुख्य वापरकर्ता) घरातल्या ‘.एसएसएच’ फोल्डरात टाकली होती. ओपनडब्ल्यूआरटीवरचा ड्रॉपबेअर रूटसाठी तिथे बघत नाही, तो ‘ईटीसी’मधल्या ‘ड्रॉपबेअर’ फोल्डरात बघतो. राउटरच्या पानावरून किल्ली योग्य जागी टाकली आणि हा प्रश्न दोन मिनिटांत मिटला.

वायरगार्ड लावायला जेवणापर्यंत वेळ गेला. संध्याकाळी गॅलरीत बसले, लॅपटॉप माझ्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर आणि हातात वायफायवरचा आईचा मोबाइल, म्हणजे राउटरमध्ये काही बदलायचं झालं तर त्यावरून बदलता येईल. ओळ टाकली. उत्तर ताबडतोब: ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’.

मी आनंदाने ओरडलेच. अप्पा आतून आले. “काय, लागलं?”

“नाही अप्पा, पण तो नाही म्हणाला! म्हणजे हाक पोचली.”

वायरगार्डचा इंटरफेस मी सवयीने ‘वॅन’ (तोच डब्ल्यूएएन) झोनमध्ये, म्हणजे फायरवॉलच्या बाहेरच्या गटात, टाकला होता, आणि तिथे सगळ्यांना नाहीच म्हटलं जातं. त्याला वेगळा झोन दिला. पुन्हा ओळ टाकली. आता ‘कनेक्शन एस्टॅब्लिश्ड’ आलं, दोन्ही बाजूंच्या आवृत्त्या छापल्या गेल्या, आणि किल्ल्यांच्या देवाणघेवाणीपाशी सगळं अडकलं. पिंग, म्हणजे ‘आहेस का’ अशी छोटी हाक, मात्र व्यवस्थित चालू. हा प्रकार सगळ्यात फसवा, कारण रस्ता उघडा दिसतो आणि गाडी पुढे जात नाही. छोटी पॅकेटं जातात, मोठी वाटेतच कुठेतरी पडतात. किल्ल्यांच्या देवाणघेवाणीत पहिल्यांदा मोठं पॅकेट निघतं, म्हणून तिथेच थांबतं. वायरगार्डचा एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार, १४२० होता, तो दोन्हीकडे १२८० केला. तिसऱ्या वेळी ओपनडब्ल्यूआरटीचं अक्षरचित्र पडद्यावर उमटलं. त्यातूनच कॅमेऱ्याचं पान उघडलं तर खाली गल्लीत आई शेजारच्या काकूंशी बोलत उभी होती. गॅलरीतून वाकून बघितलं, तर तशीच उभी.

तरी घरातून केलेल्या चाचणीवर माझा विश्वास उरला नव्हता. परतीच्या गाडीत किर्लोस्करवाडीच्या आसपास पुन्हा जोडून बघितलं. लागलं. पुण्यात पोचल्यावर पुन्हा. मग बाहेरून उघडलेलं जुनं पोर्ट आणि डीडीएनएसचं नाव दोन्ही काढून टाकलं. पासवर्डने आत येणंही बंद केलं, आता फक्त किल्ली.

खरी कसोटी जुलैत लागली. रात्री साडेअकराला आईचा फोन, लाईट गेली आणि पाऊस धो धो. राउटर आणि फायबरचा डबा इन्व्हर्टरवर आहेत, पण इन्व्हर्टरवर जाताना दोन्ही एकदा बंद होऊन चालू झाले. जोडणी आपणहून परत येते का, हे मी कधी तपासलंच नव्हतं. पडद्यावर पिंग लावून बसले. काही नाही, काही नाही, मग दीड-पावणेदोन मिनिटांनी पहिलं उत्तर आलं. सर्व्हरचा पत्ता मी नावाने न देता आकड्यांत दिला होता. राउटर चालू होताना नाव शोधायची सोय अजून उभी नसते आणि तिथे वायरगार्ड अडकून बसू शकतो, म्हणून. ते कामाला आलं.

कॅमेऱ्यात अंधार, पण विजेच्या एका लखलखाटात समोरच्या घराची पायरी दिसली. ओली होती, पाण्याखाली नव्हती. मी अप्पांना फोन करून सांगितलं, “गल्लीत पाणी नाही, झोपा आता.”

“माहीत आहे,” ते म्हणाले. “संध्याकाळी पुलावर जाऊन आलो. ३१ फूट आहे. तू झोप.”